गाठीवरचा शिक्का : यवतमाळचा कापूस आणि ऐच्छिक मानकांचा इतिहास

कायद्याची सक्ती नसताना एखाद्या व्यवसायाने आपल्या कामाचा जमीन, पाणी, हवा आणि माणसे यांवर होणारा परिणाम ठरावीक रीतीने मोजावा, नोंदवावा, वर्षागणिक कमी करत न्यावा आणि त्याची तपासणी तिऱ्हाईत संस्थेकडून करून घ्यावी, या अपेक्षेला जे लेखी नियमांचे रूप दिले जाते त्याला ऐच्छिक पर्यावरण व्यवस्थापन मानक असे म्हणतात. अशा मानकांचा इतिहास बहुधा १९९२ ची रिओ येथील वसुंधरा परिषद, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेले बीएस ७७५० हे मानक आणि १९९६ साली आलेले आयएसओ १४००१ या क्रमाने सांगितला जातो व त्याच्या केंद्रस्थानी कारखाना असतो. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान १३,५८२ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या, १६ तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र हा इतिहास बराच मागे नेऊन कापसापासूनच सुरू करावा लागतो, कारण येथला सर्वांत मोठा व्यवसाय लाखो लहान, बहुतांशी कोरडवाहू शेतांत विखुरलेला आहे आणि बाहेरच्या खरेदीदाराने घालून दिलेल्या कसोट्यांशी त्याचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. या दीर्घ काळात कसोटी प्रत्येक वेळी बाजाराच्या टोकाकडून शेताकडे आली. गाठीत जे दिसते ते आधी मोजले गेले, शेतातली माती आणि पाणी फार उशिरा नोंदीत आले, आणि पिकावर औषध फवारणारा मजूर सर्वांत शेवटी.

निजामाकडून १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, १८६४ मध्ये त्याच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा करून त्याला वणीचे नाव देण्यात आले आणि १९०५ साली तोच जिल्हा यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला. जिल्ह्याच्या स्थापनेचा काळ हा अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत तिकडचा कापूस अडकल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानातील कापसाकडे मोर्चा वळवला, भाव कडाडले, आणि भावाबरोबर भेसळही वाढली : रुईत सरकी, माती व पालापाचोळा मिसळणे, वजन वाढवण्यासाठी पाणी मारणे, हलक्या जातीचा माल भारी जातीच्या नावाने खपवणे. या प्रकारांना आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्धचा कायदा करण्यात आला व तपासणीसाठी स्वतंत्र निरीक्षक नेमले गेले. वऱ्हाड या इलाख्याच्या बाहेर असले तरी त्याचा कापूस मुंबई बंदरातूनच जहाजावर चढत असल्यामुळे त्या तपासणीची छाया इथल्या व्यापारावरही पडत होती. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी सरकारने कापूस आयुक्ताचे वेगळे पद निर्माण केले आणि त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याची नेमणूक केली. बियाणे, बाजार, वाहतूक आणि मालाची शुद्धता या सर्वांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम होते. व्यापाऱ्यांना मात्र सरकारी तपासणी जाचक वाटत राहिली आणि १८८० च्या दशकात मुंबईची ती व्यवस्था मोडीत निघाली.

त्या व्यवस्थेच्या मर्यादा कापसाच्या जातींच्या इतिहासात अधिक स्पष्ट होतात. वऱ्हाडात ‘बनी’ आणि ‘जरी’ असे कापसाचे दोन मुख्य प्रकार ओळखले जात असत. बनीचा धागा लांब व मऊ, परंतु उत्पन्न कमी आणि तयार होण्यास वेळ अधिक; जरीचा धागा आखूड व भरड, परंतु ती लवकर हाती येई आणि तिच्यातून रुईचा उतारा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी केल्यावर उरणाऱ्या रुईचे प्रमाण, जास्त पडे. मँचेस्टरच्या गिरण्यांना बनी हवी होती आणि अधिकारी तिचाच आग्रह धरत होते, पण बाजारातील भावाचा फरक उत्पन्नातील घट भरून काढण्याइतका नसल्यामुळे शेतकरी जरीकडे वळले. शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष देऊन हा विषय तेव्हा संपवला गेला, वास्तविक ज्या गुणाची मागणी होती त्याची किंमत मोजण्याची तयारी खरेदीदाराकडे नव्हती, इतकाच त्याचा अर्थ होता. हाच पेच पुढे शंभर वर्षांनी सेंद्रिय कापसाच्या वाट्याला आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडाने बाजारव्यवस्थेच्या क्षेत्रात एक महत्त्वाचे पाऊल उचलले. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने वजनमापे, अडत आणि बाजाराची देखरेख यांना नियमांची चौकट मिळाली. पुढच्या काळात किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग तयार झाला, तोच पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यामुळे यवतमाळ, दारव्हा या भागांतल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा माल थेट मुंबईच्या वाटेला लागला. १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याचे ठरावीक चिन्ह व अनुक्रमांक उमटवणे बंधनकारक केले. गाठ कोणत्या प्रेसमध्ये बांधली हे त्या चिन्हावरून शोधता येई, पण ती कोणत्या शेतातल्या कापसाची आहे हे कळण्याचा मार्ग जिनच्या दाराशीच संपत असे, कारण तेथे दहा गावांचा कापूस एकाच ढिगात पडतो. मालाचा माग काढण्याची साखळी नेमकी कोठे तुटते हे शंभर वर्षांपूर्वीच स्पष्ट झाले होते, आणि आजच्या प्रमाणपत्रांची सर्वांत कठीण जागा तीच आहे.

स्वातंत्र्यपूर्व काळातच, १९३७ च्या प्रतवारी व चिन्हांकन कायद्याने, ‘अ‍ॅगमार्क’ ही मुळात ऐच्छिक स्वरूपाची खूण आली. मात्र तीही मालाच्या गुणवत्तेची होती, तो पिकवण्याच्या रीतीची नव्हे. स्वतंत्र महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आखली गेली आणि १९७२ च्या हंगामापासून राज्यात पिकलेला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकणे आवश्यक झाले. खरेदी केंद्रावरचा प्रतवारीकार लांबी, ओलावा, कचरा आणि कवडीचे प्रमाण पाहून प्रत ठरवत असे आणि त्यावरून चुकारा निघत असे. या योजनेने शेतकऱ्याला भावाची काही हमी दिली, परंतु एका शेतकऱ्याचा कापूस दुसऱ्यापासून वेगळा ठेवण्याची, आणि तो कोणत्या पद्धतीने पिकवला याची किंमत देण्याची, सोय तिच्यात नव्हती. पुढे २००२ नंतर खाजगी व्यापाराची वाट मोकळी होत गेली, तेव्हा शेतीच्या पद्धतीवर आधारलेल्या मानकांना जिल्ह्यात पाय रोवण्यास खरी जागा मिळाली.

दरम्यान कारखान्यांच्या जगात वेगळी हालचाल सुरू झाली होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून अस्तित्वात होते. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि भोपाळ दुर्घटनेनंतरचा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांनी किमान मर्यादा आखून दिल्या होत्या. केंद्र सरकारने १९९१ साली ‘इकोमार्क’ ही ऐच्छिक खूण जाहीर केली व तिच्या यादीत कापडाचाही समावेश केला, पण उद्योगांकडून तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. १९९६ साली आलेल्या आयएसओ १४००१ ची घडण याहून निराळी आहे, कारण ते सांडपाण्यात अमुक इतकाच रंग चालेल असे सांगत नाही. संस्थेने पर्यावरणविषयक धोरण लिहून काढावे, आपल्या कामातून कोणकोणते परिणाम होतात याची यादी करावी, लागू असलेले कायदे पाळण्याची बांधिलकी स्वीकारावी, उद्दिष्टे ठरवावीत, जबाबदाऱ्या वाटून द्याव्यात, अंतर्गत तपासणी करावी आणि व्यवस्थापनाने ठरावीक काळाने सर्व गोष्टींचा आढावा घ्यावा, अशी ती कार्यपद्धती आहे. २००४ व २०१५ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या तरी गाभा हाच राहिला. योगायोगाने १९९६ मध्येच यवतमाळ येथे रेमंड समूहाचा डेनिम कारखाना उभा राहिला. नीळ रंगवणी, सुताला खळ देणे आणि कापडावरील अंतिम प्रक्रिया यांसाठी पाणी, रसायने व वाफ लागणाऱ्या अशा उद्योगाला हे मानक नीट लागू पडते, कारण त्याला एक दार, एक सांडपाण्याचा नाला, एक हजेरीपट आणि एक जबाबदार व्यवस्थापक असतो. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ साली धुरांड्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांच्या मोजमापावरून कारखान्यांना १ ते ५ तारे देऊन ती माहिती लोकांसमोर ठेवण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यालाही अशीच मोजता येण्याजोगी जागा लागते. कारखान्याच्या फाटकाबाहेर पसरलेल्या पऱ्हाटीच्या शेतांत यांपैकी काहीही नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला प्रयत्न सेंद्रिय शेतीच्या मानकांनी केला. १९७२ साली स्थापन झालेल्या आयफोम या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८० मध्ये मूलभूत मानके प्रसिद्ध केली. १९९० च्या दशकाच्या आरंभी शेजारच्या मध्य प्रदेशात निमाड भागात स्विस व्यापाऱ्याच्या सहभागाने ‘मैकाल’ हा सेंद्रिय कापसाचा प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच दशकात विदर्भ ऑरगॅनिक फार्मर्स असोसिएशनच्या रूपाने या भागातील शेतकरीही युरोपीय खरेदीदारांकडे पाहू लागले. वर्ध्याच्या ‘धरामित्र’ संस्थेने, तारक काटे यांच्या पुढाकाराने, विदर्भातील लहान शेतकऱ्यांत कमी खर्चाच्या सेंद्रिय पद्धती रुजवण्याचे काम केले. यवतमाळजवळच्या छोटी गुजरी येथील सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेतीचा वाढता खर्च आणि घटती उत्पादकता पाहून १९९४ पासून नैसर्गिक पद्धतीची कास धरली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन प्रवाहांत एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे : शर्मांसारख्यांचा बदल मातीच्या व खर्चाच्या हिशेबातून आला, तर प्रमाणित सेंद्रिय कापसाची मागणी हॅम्बुर्ग किंवा झुरिचच्या दुकानातून आली. पहिल्याला नोंदवहीची गरज नव्हती. दुसरा तिच्याशिवाय उभाच राहू शकत नव्हता.

भारत सरकारने २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम लागू केला व त्याची सूत्रे अपेडा या निर्यातविषयक संस्थेकडे दिली. वार्षिक पिकासाठी २ वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रसायने बंद केल्यानंतरही माल सेंद्रिय म्हणून विकता न येणारा काळ, त्यात ठरवून दिलेला आहे. एकट्या लहान शेतकऱ्याला तपासणीचे शुल्क परवडणारे नसल्यामुळे गट-प्रमाणनाची पद्धत स्वीकारली गेली. तिच्यात २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट अंतर्गत नियंत्रण यंत्रणा उभारतो, त्या यंत्रणेचे निरीक्षक प्रत्येक शेत वर्षातून किमान दोनदा पाहतात, शेतकरी शेतदैनंदिनी लिहितो आणि बाहेरची प्रमाणन संस्था त्यांपैकी निवडक शेतांची फेरतपासणी करते. कारखान्यासाठी घडलेली कार्यपद्धती शेकडो शेतांच्या मेळाव्याला लागू करण्याचा हा मार्ग कल्पक होता. तरीही बहुसंख्य ठिकाणी यंत्रणेचा खर्च उचलणारी कंपनी किंवा संस्था प्रमाणपत्राची मालक झाली, त्यामुळे नियम पाळणाऱ्या शेतकऱ्याला तेच प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाता येत नसे. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या कार्यक्रमाच्या आठव्या आवृत्तीत उत्पादक गटाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असावे अशी तरतूद झाली, ती या जुन्या दुखण्यावरचा उशिराचा उपाय म्हणता येईल.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दशकभरात विदर्भातील जवळजवळ सर्व पेरा त्याच वाणांचा झाला. सेंद्रिय मानकांना जनुकबदल केलेले बियाणे चालत नसल्यामुळे सेंद्रिय गटांना सरळ वाणांचे बियाणे मिळणे दुरापास्त झाले, आणि शेजारच्या शेतातून येणारे परागकण व जिनमध्ये उरलेला आधीचा कापूस यांमुळे शुद्धता राखणे कठीण होऊन बसले. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या संचालकांनी भारतातील सुमारे २०,००० टन कापसासाठी बनावट व्यवहार प्रमाणपत्रे वापरली गेल्याचे उघड केले व ११ कंपन्यांवर बंदी घातली. १८६३ साली रुईत माती मिसळली जात असे. आता मालाऐवजी कागदात भेसळ होऊ लागली.

सेंद्रिय मानकांची कठोरता टाळून मोठ्या संख्येपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग ‘बेटर कॉटन’ या उपक्रमाने घेतला. जागतिक वन्यजीव निधीच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेल्या चर्चेतून ही संस्था उभी राहिली, २०१०-११ च्या हंगामात भारतात तिची पहिली वेचणी झाली आणि महाराष्ट्र हे तिच्या प्रमुख राज्यांपैकी एक ठरले. रासायनिक खते, कीटकनाशके वा बीटी बियाणे यांवर सरसकट बंदी न घालता ती वापर कमी करण्यावर, पाणी व मातीची निगा राखण्यावर आणि कामगारांना सन्मानाची वागणूक देण्यावर भर देते. साधारण ३५ शेतकऱ्यांचा एक अभ्यासगट आणि अशा अनेक गटांचा मिळून सुमारे ३,५०० शेतकऱ्यांचा एक उत्पादक घटक अशी तिची रचना आहे. शेतापासून जिनपर्यंत हा कापूस वेगळा ठेवावा लागतो, मात्र जिननंतर तो इतर कापसात मिसळण्यास मुभा होती आणि खरेदी केलेल्या वजनाइतकाच दावा करण्याचा अधिकार ब्रँडला मिळत असे. या पद्धतीला वस्तुमान-ताळेबंद म्हणतात. प्रत्यक्ष मालाचा माग काढण्याची सोय २०२३ च्या अखेरीस आली. शेतकऱ्याला जादा भावाची हमी नसते, खर्चातील बचत हाच त्याचा लाभ मानला जातो.

या सर्व चौकटींची कठोर परीक्षा २०१७ च्या पावसाळ्यात झाली. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय रुग्णांनी भरले आणि किमान २० जणांचा मृत्यू झाला. पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती, हवेत दमटपणा होता, बोंडअळी व रसशोषक किडींच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळून वारंवार फवारली जात होती आणि जोरदार दाबाच्या पंपामुळे तुषार चेहऱ्यावर व अंगावर येत होते. हातमोजे किंवा मुखपट्टी अपवादानेच कोणाजवळ होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. पीडितांमध्ये रोजाने फवारणी करणारे मजूर मोठ्या संख्येने होते, आणि मानकांच्या दृष्टीने हीच गोष्ट निर्णायक आहे. सेंद्रिय असो वा ‘बेटर कॉटन’, सभासद म्हणून नोंद असते ती जमीनधारकाची. प्रशिक्षण त्याला मिळते, दैनंदिनी तो लिहितो, आणि पाठीवर पंप घेऊन आज या शेतात व उद्या त्या शेतात जाणारा माणूस कोणत्याच वहीत टिकून राहत नाही.

औषधे विकणाऱ्या उद्योगासाठीही ऐच्छिक नियम होतेच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ साली कीटकनाशकांविषयीची आचारसंहिता स्वीकारली, आणि जी औषधे हाताळण्यास महागडी, गैरसोयीची किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात ती उष्ण प्रदेशातील लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत टाळावीत, असे तिच्यात सांगितले आहे. ही तरतूद शब्दशः पाळली गेली असती तर यवतमाळच्या कृषी सेवा केंद्रांतील अनेक बाटल्या मांडणीवर दिसल्या नसत्या. परंतु ऐच्छिक संहितेचा भंग झाला तर दाद कोणाकडे मागायची याचे उत्तर तिच्यात नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळमधील ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने काही संघटनांनी औषध बनवणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार केली. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९७६ मध्ये आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार तिला होता. ती तत्त्वेही कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक नाहीत, पण सभासद देशाने तक्रार ऐकण्याची यंत्रणा ठेवलीच पाहिजे असे बंधन त्या देशावर आहे. गेल्या दीडशे वर्षांत मानकांचा प्रवास दूरच्या बाजारातून यवतमाळच्या शेताकडे झाला होता. येथे शेतातील माणसांनी तोच रस्ता उलट दिशेने वापरला.

अलीकडच्या दशकात प्रमाणन स्थानिक हातांत आणण्याचेही प्रयत्न झाले आहेत. सहभागी हमी पद्धतीत बाहेरच्या निरीक्षकाऐवजी गटातील शेतकरीच एकमेकांची शेते पाहतात व हमी देतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेने ५० एकरांच्या समूहांसाठी ती स्वीकारली, आणि राज्य शासनाने २०१८ साली यवतमाळसह शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन मंजूर केले. अशी हमी स्वस्त असते आणि गावातल्या माहितीवर उभी असते, पण निर्यातीच्या बाजारात तिला तिऱ्हाईत प्रमाणपत्राइतके वजन नाही, त्यामुळे कापसासारख्या दूरवर जाणाऱ्या मालाला तिचा उपयोग मर्यादित राहतो.

यवतमाळच्या अनुभवावरून ऐच्छिक मानके निरुपयोगी ठरत नाहीत. कायदा जेथे फक्त किमान मर्यादा आखतो तेथे नोंदी ठेवण्याची, आपल्या कामाचे परिणाम ओळखण्याची आणि मागच्या वर्षाशी तुलना करण्याची सवय त्यांनीच लावली आहे. मात्र ती कोठे टिकतात आणि कोठे पोकळ होतात याचे नियम याच इतिहासात आढळतात. बनी कापसापासून सेंद्रिय कापसापर्यंत, ज्या गुणाची मागणी केली त्याची किंमत शेतापर्यंत पोहोचली नाही तेव्हा तो गुण टिकला नाही. प्रेसच्या चिन्हापासून वस्तुमान-ताळेबंदापर्यंत, जिनच्या दाराशी साखळी तुटली तेथे शिक्क्याचा अर्थ पातळ झाला. आणि कीटकनाशक कायद्याची अंमलबजावणी ढिली असताना वरची ऐच्छिक चौकट कितीही नेटकी असली तरी ती फवारणाऱ्याचा जीव वाचवू शकली नाही. म्हणून या जिल्ह्यात येणाऱ्या कोणत्याही नव्या मानकाची पहिली चौकशी तीन प्रश्नांनी करता येईल : तपासणीचा खर्च कोण उचलतो, प्रमाणपत्र कोणाच्या नावावर राहते, आणि रोजाने फवारणी करणाऱ्या मजुराचे नाव त्याच्या नोंदवहीत येते की नाही.